मानेचा होकार

३ जून

प्रिय टकळी,

रागावून लिहिते आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे दुसऱ्या ओळीत तुला धक्का बसायला नको.

गेल्या रविवारी दुपारी मी तुझ्या दारात बॅगेवर बसले होते, समोर कुलूप. बुधवारी फोनवर मी तुला विचारलं होतं, रविवारी येऊ का. तू म्हणालीस, हो. दुपारच्या बसने येते म्हटलं, तर हो हो. लेकीला सुट्टी आहे ना? हो ना. मग मी गमतीने म्हटलं, चार दिवस राहीन, तुझं डोकं खाईन. त्यावरही तू हो म्हणालीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुझ्या शेजारच्या शिलाईवाल्या बाईंनी सांगितलं की तुम्ही सगळे तुझ्या नणंदेकडे गेला आहात. त्यांनी पाणी दिलं, पण बघत अशा होत्या जशी मी वसुलीला आले आहे. संध्याकाळच्या बसने परत आले. बसमध्ये उभी होते, हेही लिहून ठेवते.

लहानपणी तुझं नाव टकळी पडलं ते तुझं तोंड बंद व्हायचं नाही म्हणून. मावशी म्हणायची, हिच्या टकळीला जगातलं सूत पुरणार नाही. पुढे तू खरंच सुताच्याच कामाला लागलीस, ही गंमत मी आमच्या केंद्रात सगळ्यांना सांगते. आणि आता? गेली दोन-तीन वर्षं फोनवर तुझ्याकडून ‘हो’, ‘हो का’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही येत नाही. माझं काही चुकलं असेल तर सरळ सांग. मावसबहीण आहे मी तुझी, विमा विकायला फोन करत नाही.

माझं काम तुला माहीत आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना नोकरी मिळवून द्यायची आणि मिळालेली टिकवायला मदत करायची. मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. या आठवड्यात एका बेकरीवाल्याला समजावत होते, की भट्टीची घंटी आमच्या मुलीला ऐकू येत नाही, तर घंटीला एक दिवा जोडा. तो म्हणाला, बाई, मी माणूस ठेवायचा की रोषणाई करायची? असल्यांशी दिवसभर डोकं फोडून घरी येते आणि तुला फोन लावते. तर तू ‘हो’.

आता फोन नको. पत्रच लिही. लिहिलेलं फिरवता येत नाही.

तुझी,
ताई

(तपासणी खोलीत बढती झाली त्याबद्दल पाठ थोपटायची होती, म्हणून येत होते. ती तशीच राहिली.)

९ जून

प्रिय ताई,

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिलाईवाल्या काकूंनी सांगितलं, ‘एक बाई आल्या होत्या, फार चिडल्या होत्या,’ तेव्हाच ओळखलं. माफ कर. डोक्यातून गेलं. नव्या कामाचा ताण आहे, रात्री अंग टाकलं की सकाळच. तुझं काहीच चुकलेलं नाही.

पत्राचं मात्र बरं केलंस. पत्रात मी पूर्वीसारखी आहे.

नव्या खोलीचं सांगते. गिरणीच्या विणकाम खात्यात एकोणीस वर्षं काढली, तिथे पायाखालची फरशीसुद्धा थरथरायची. दोन बायकांच्या मध्ये चार माग धडधडत असतात, तिथे आवाज काढून कोण बोलणार? आम्ही सगळ्या नुसते ओठ हलवतो. तोंड मोठं उघडून, भुवया, बोटं, सगळं वापरून. त्या ओठांच्या बोलीत आम्ही भांडणं केली, लग्नं जुळवली, मुकादमाच्या पाठीमागे त्याच्या नकला केल्या. नव्या मुलीला माग शिकायला जितके दिवस लागतात, त्याहून जास्त ती बोली शिकायला लागतात.

तपासणी खोली म्हणजे दुसरं टोक. मोठी काच, तिच्याखाली उजेड, त्यावरून कापड सरकत जातं. तुटका धागा, गाठ, डाग दिसला की थांबवायचं, खूण करायची. काम मला आवडतं. डोळ्यांचंच काम आहे आणि डोळे अजून शाबूत आहेत. पण तिथल्या मुली खाली मान घालून, कापडाकडे बघत बोलतात. एवढ्याशा तोंडाने. मला गर्विष्ठ म्हणतात असं कळलं. बढती मिळाली म्हणून ओळख देत नाही म्हणे.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे, कामावरची. तिला हल्ली कमी ऐकू येतं. तिने कामावर सांगितलेलं नाही, सांगितलं तर काढतील अशी भीती आहे. तुझ्याकडे अशी माणसं येत असतील. तिने काय करावं?

तुझी,
टकळी

१५ जून

प्रिय टकळी,

राग गेला. थोडा ठेवला आहे, पुढच्या भेटीसाठी.

तुझ्या मैत्रिणीला सांग, लपवू नको. मला ठाऊक आहे, सांगणं सोपं. पण लपवण्यात जेवढी ताकद जाते तेवढी ऐकण्यातसुद्धा जात नाही. दिवसभर समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, अर्धं दिसलेलं, अर्धं जुळवलेलं. घरी येईपर्यंत माणूस पिळून निघतं, आणि घरचे म्हणतात, हिला काय झालं, ही बोलत का नाही.

पहिली गोष्ट, कानाच्या डॉक्टरकडे तपासणी. दुसरी, यंत्र लागलं तर लाजायचं नाही. चष्म्याला कोण लाजतं? तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. ऐकू आलं नसेल तेव्हा ‘हो’ म्हणायचं थांबवायचं. आमच्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे करतं. तीनदा ‘काय?’ विचारलं की समोरचा वैतागतो, म्हणून चौथ्यांदा मान हलवून मोकळं व्हायचं. आमच्या केंद्रात त्याला आम्ही ‘मानेचा होकार’ म्हणतो. माणूस कशालाही हो म्हणतं. रविवारी येऊ का, हो. दुपारच्या बसने येते,

टकळे.

इथे माझं पेन थांबलं. चहा करून आले, तो प्यायलाही नाही.

कुठलीही मैत्रीण नाही ना?

बावीस वर्षं मी हेच काम करते. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची मान बघून सांगते की याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आणि माझ्या मावसबहिणीवर रुसून बसले, फोनवर नीट बोलत नाही म्हणून.

लगेच लिही. दोन ओळी तरी.

ताई

२ जुलै

प्रिय ताई,

लगेच लिही म्हणालीस आणि मी एवढे दिवस घेतले. तुझं पत्र वाचून ते साबणाच्या डब्यामागे ठेवून दिलं. वाटलं, उत्तर दिलं की ते खरं होईल. मधल्या काळात बरंच घडलं. आता सगळंच सांगते.

हो, मैत्रीण मीच.

कधी सुरू झालं ते मलाच माहीत नाही, आणि त्याचं कारण विणकाम खातंच आहे. तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, मग कुणाचे कान गेले हे कळणार कसं? घरी लेक मागून हाक मारायची आणि मी वळायची नाही, तर ती म्हणायची, आई मुद्दाम करते. आमचे हे तर आता माझ्याशी बोलतच नाहीत, माझ्या कानाशी बोलतात, तेही असे की रस्त्यावरचे लोक थांबतात. मी त्यांना म्हटलं, ओरडू नका, नुसतं समोर या. तर म्हणाले, समोर येऊन ओरडू का?

खात्यात मी सगळ्यात जास्त बोलणारी होते. शांत खोलीत बढती दिली आणि तिथे मी बहिरी ठरले. या वाक्यावर मला हसू येतं आणि मग येत नाही.

आता घडलेलं सांगते. आमचे नवे मॅनेजर आहेत, त्यांना सगळ्या मिशीवाले म्हणतात. मिशा अशा की वरचा ओठ जन्मापासून कुणी पाहिला नसेल. मला पडद्यामागचं नाटक बघितल्यासारखं वाटतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. ते खिडकीला पाठ करून बसलेले, त्यामुळे तोंडावर अंधार. शेजारी ऑफिसातली बाई, ती कॉम्प्युटरकडे बघत बोलत होती. बरंच बोलले दोघं. मग मिशीवाल्यांनी मान वर करून काहीतरी विचारलं आणि थांबले. मला दिसलं, ‘काम चाललंय ना?’ मी म्हटलं, हो. त्यांनी परत विचारलं. मला वाटलं, किती आपुलकीने विचारताहेत. मी हसून मान हलवली, म्हटलं, हो हो, अगदी.

सोमवारी गेले तर माझ्या काचेवर दुसरी मुलगी. मला सांगितलं, गोदामात जा.

ते ‘गोदाम चालेल ना?’ असं विचारत होते, ताई. ओठांवर ‘दाम’ आणि ‘काम’ सारखंच दिसतं. ‘गो’ मिशीत गेला.

गोदामात ठाणांना कागद गुंडाळायचे आणि चिकटपट्टी लावायची. पगार खालच्या दर्जाचा. मी विचारायला गेले तर ऑफिसातली बाई मोठ्या तोंडाने, लहान मुलाला सांगतात तसं म्हणाली, ‘तु-म्ही-च हो म्ह-णा-लात. दोनदा वि-चा-रलं.’ हे मात्र मला अक्षर न् अक्षर कळलं.

लेक म्हणते, सोडून दे ती नोकरी. ह्यांचं म्हणणं, निदान गोदाम तरी आहे. मला माझी काच हवी आहे. बाकी काही नको. तूच सांग, मी हो म्हणाले होते का?

तुझी,
टकळी

६ जुलै

प्रिय टकळी,

नाही. तू हो म्हणाली नव्हतीस. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं, पण तुला ओरडून बोललेलं आवडत नाही.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग इतका वेळ येरझाऱ्या घातल्या की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं. एकोणीस वर्षं त्या गिरणीने तुझे कान खाल्ले. कानात घालायला साधा बोळा दिला नाही. आणि खाऊन झाल्यावर विचारतात, बाई, तुमचे कान कुठे गेले? वर म्हणतात, आम्ही विचारलं होतं. अंधारात बसून, मिशीच्या आत विचारलं होतं. भिंतीला विचारलं असतं तर तीही नाही म्हणाली नसती, मग काय तिला गोदामात हलवली असती?

मला सगळ्यात चीड येते ती त्या हसऱ्या चेहऱ्यांची. कुणी ‘तुला ऐकू येत नाही, चालती हो’ म्हणालं तर निदान भांडता येतं. हे तसं म्हणत नाहीत. हे म्हणतात, तुमच्याच भल्यासाठी, तुम्हाला त्रास नको, तुम्हीच कबूल झालात. आमच्या केंद्रातल्या निम्म्या नोकऱ्या अशाच जातात. कुणी काढलेलं नसतं. माणसं आपली आपण, मान हलवत, दाराबाहेर येतात.

आता ऐक. कशावरही सही करू नको. कुणी काही विचारलं तर म्हण, लिहून द्या. कानाची तपासणी करून घे आणि त्यात ‘आवाजामुळे’ हा शब्द येतो का बघ. मिशीवाल्यांचा पत्ता आणि फोन पाठव. पुढचं मी बघते. असले मॅनेजर मी रोज नाश्त्याला खाते.

तुझी,
ताई

२० जुलै

प्रिय टकळी,

आनंदाची बातमी. पाय जमिनीवर ठेवून वाच.

मिशीवाल्यांशी फोनवर बोलले. आवाज अगदी मऊ आहे त्यांचा, साबणासारखा, हातात राहत नाही. आधी म्हणाले, आम्ही माणुसकीनेच वागलो. मी म्हटलं, माणुसकी राहू द्या, कायद्याने वागा. मग थोडे घाबरले. तू पाठवलेल्या डॉक्टरांच्या कागदातला ‘आवाजामुळे’ शब्द वाचून दाखवल्यावर म्हणाले, आपण मार्ग काढू.

शेवटी पदरात पाडून घेतलंच. गोदाम रद्द. त्यांच्याकडे नमुन्यांची खोली आहे म्हणे, वरच्या मजल्यावर. जुन्या कापडांचे तुकडे कापून, चिकटवून, क्रमाने लावून ठेवायचे. पगार तपासणी खोलीएवढाच, एक पैसा कमी नाही. खिडकी आहे. आणि मुख्य म्हणजे खोलीत तू एकटी. कुणी बोलायला नाही, ऐकायला नाही, की गैरसमज नाही. मी लगेच हो म्हणून टाकलं, त्यांनी मन बदलण्याआधी.

सोमवारपासून जायचं. आता एकदा तरी पोटभर झोप.

तुझी,
ताई

२४ जुलै

ताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली, त्यात तुला फार लागेल असं होतं. यातही लागेल.

तू हो म्हणालीस.

मिशीवाल्यांनी निदान मला समोर बसवून विचारलं होतं. मला दिसलं नाही ते वेगळं. तू तर मला विचारलंच नाहीस. माझी नोकरी, माझे कान, माझी खोली, आणि ठरवलं कुणी? तू आणि त्यांनी, फोनवर. ज्या फोनवर मी येऊच शकत नाही.

मी सोमवारी गेले त्या खोलीत. खिडकी आहे खरी. तिथून गिरणीचं मागचं अंगण आणि रिकामी पिंपं दिसतात. दुपारी जेवायच्या सुट्टीत खाली गेले, तर बायकांची पंगत अर्धी झाली होती. घंटा मला ऐकू येत नाही, आणि ‘चल’ म्हणून खांद्याला हात लावायला वर कुणी नाही. दिवसभरात माझ्याशी कुणीही, एकदाही बोललं नाही. तू लिहिलंस तसंच झालं, गैरसमज नाही. कबरीतही गैरसमज नसतात.

ताई, मला ऐकू येत नाही म्हणून मला माणसं नकोशी झालेली नाहीत. उलट आहे. मला माणसांचे चेहरे लागतात. मी चेहऱ्यांवर जगते. माझं नाव टकळी आहे.

आणि पगार तोच, हे तू ठासून लिहिलंस. मी पगाराचं भांडत नव्हते. मी लिहिलं होतं, मला माझी काच हवी. ते तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही का, की तुझ्याही मिशीत गेलं?

घरी लेक माझ्यासाठी फोन घेते आणि परस्पर उत्तरं देते. आमचे हे दुकानदाराला सांगतात, तिला काय विचारता, मला विचारा. डॉक्टर मला तपासतात आणि बोलतात ह्यांच्याशी. सगळे माझ्या वतीने हो म्हणतात. मी मानेने म्हणते, बाकीचे तोंडाने. एकट्या तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. तुझं तर हे कामच आहे.

मी मिशीवाल्यांची परत भेट मागितली आहे. लिहून मागितली. तू येऊ नको. तू आलीस की तू बोलशील.

टकळी

२८ जुलै

प्रिय टकळी,

तुझं म्हणणं बरोबर आहे. त्यापुढे लिहायला घेतलेली चार वाक्यं खोडली, कारण ती सगळी ‘पण’ने सुरू होत होती.

काल त्या बेकरीतल्या मुलीकडे गेले. दिवा बसलाय भट्टीवर, छान चाललंय, मालकही खूश. मी तिला विचारलं, बरं चाललंय ना? तिने मान हलवली. मी उठणार होते. मग पुन्हा बसले आणि तेच कागदावर लिहून विचारलं, तुला काय हवंय? तिने पेन घेतलं आणि लिहिलं: पहाटेची पाळी नको, रस्त्यात अंधार असतो, मागून कोण येतं कळत नाही. अडीच वर्षं ती तिथे आहे. मी अडीच वर्षं तिची मान बघून समाधानाने घरी येत होते.

तुलाही तसंच विचारते. तुला काय हवंय? जे हवं ते माग, मी त्याच्यामागे उभी राहीन, पुढे नाही. तुला उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सांगते. भेटीत तुझ्या भरवशाचं एक माणूस सोबत नेण्याचा तुला हक्क आहे, बोललेलं तुझ्यापर्यंत पोचवायला. ते माणूस कोण, हे तू ठरव.

मी येत नाही. सगळं झाल्यावर मात्र भेटायला येऊ का? मानेने उत्तर देऊ नको.

तुझी,
ताई

११ ऑगस्ट

प्रिय ताई,

भेट झाली. पहिल्यापासून सांगते, नाहीतर मला मजा येणार नाही.

सोबत मी कापूसवालीला नेलं. माझ्या शेजारच्या मागावरची, अठरा वर्षांची शेजारीण. पहिल्या दिवसापासून ती सुताची रद्दी कानात कोंबून काम करते. आम्ही सगळ्या तिला हसायचो, कानातून कापूस पिकवते म्हणायचो. आता खात्यात कान शाबूत असलेली ती जवळजवळ एकटीच. तिला विचारलं तर ओठांनीच म्हणाली, ‘चल. मला कधीची त्या मिशा जवळून बघायच्या आहेत.’

आत गेल्यावर मी बसलेच नाही. म्हटलं, आधी खुर्च्या फिरवा, माझ्या डोळ्यांवर खिडकी नको. मिशीवाले उठले, स्वतःची खुर्ची ओढली. कापूसवाली त्यांच्याच बाजूला, माझ्यासमोर बसली. ते आवाजाने बोलायचे आणि ती तेच शब्द आमच्या विणकामाच्या बोलीत ओठांवर मांडायची. मोठे, सावकाश. ताई, किती महिन्यांनी मला ऑफिसात बोललेलं पूर्ण वाक्य मिळालं. मला रडू येत होतं, पण डोळे पुसायला गेले तर शब्द चुकले असते, म्हणून रडले नाही.

मिशीवाले म्हणाले, ‘आम्ही तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तुम्ही स्पष्ट हो म्हणालात. तुमच्या ताईंनीही मान्य केलं.’

मी म्हटलं, ताईंचा होकार ताईंचा. माझ्या होकाराचं तुम्हाला दाखवते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, तुम्ही मला काहीही विचारा.

त्यांना ते आवडलं नाही. ऑफिसातली बाई मात्र जरा हसली असावी, कारण कापूसवालीने डोळ्यांनी मला खूण केली. मी वळले. भिंतीवर आग विझवण्याच्या सूचना होत्या, त्या वाचत उभी राहिले. पाठीत काहीतरी बोलल्यासारखं वाटलं, वारा लागावा तसं. मी म्हटलं, ‘हो.’ पुन्हा तसंच. ‘हो हो,’ मी म्हटलं, ‘अगदी.’

वळले तर कापूसवाली टेबलावर डोकं ठेवून हसत होती. ऑफिसातली बाई तोंडाला रुमाल लावून बसलेली. मी विचारलं, काय विचारलंत? कापूसवालीने सांगितलं. बाईने विचारलं होतं, ‘तुम्ही या गिरणीच्या मालकीण आहात का?’ आणि मिशीवाल्यांनी विचारलं होतं, ‘मग आम्हाला सगळ्यांना घरी पाठवायचं का?’

मी म्हटलं, ‘दोनदा विचारलंत. स्पष्ट हो म्हणाले. घ्या लिहून, आणि निघा घरी.’

त्यानंतर कुणी हसलं नाही. मिशीवाल्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, ‘मला खरंच वाटलं होतं, तुम्हाला पटलंय. तुम्ही हसत होतात.’ मी म्हटलं, ‘मला वाटलं होतं तुम्ही माझी विचारपूस करताय. म्हणून हसत होते.’ त्यांनी उत्तर दिलं ते कापूसवालीने पोचवलं नाही. पुढे विचारलं तर म्हणाली, नुसतं घसा साफ केला त्यांनी, ते ओठांवर कसं दाखवू?

सोमवारपासून मी काचेवर आहे. फुकटात मिळालेलं नाही. तीन महिने ‘बघू’ म्हणालेत. ऑफिसातल्या बाईने कागदावर ‘विशेष सवलत’ असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. एकोणीस वर्षं मी त्यांच्या मागांचा आवाज सोसला, त्या सवलतीचा कागद कुठे आहे? शेवटी नुसतं ‘कामाची पद्धत’ लिहिलं. माझ्याशी समोर येऊन बोलायचं. पाळी बदलली तर लिहून. जेवणाच्या सुट्टीला माझ्या टेबलावरचा दिवा लागतो, तुझ्या बेकरीवरूनच सुचलं. माझ्या जागी आलेली मुलगी शेजारच्या काचेवर गेली. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी तिच्यावर डूख धरून आहे. मी तिला ओठांची बोली शिकवायला घेतली आहे. अजून ‘धागा’ म्हणताना तिचं तोंड नुसतं ‘आ’ करून राहतं, पण निंदा करण्यापुरती प्रगती झाली.

खात्यातल्या बायकांसाठी कानातले बोळे मागितले तेव्हा मिशीवाले म्हणाले, वरती कळवतो. वरती म्हणजे माळ्यावर, असं आम्ही समजतो. दर आठवड्याला लिहून विचारणार आहे. राग अजून गेलेला नाही, ताई, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्या हॉलमध्ये आत्ता अठरा-वीस वर्षांच्या मुली उभ्या आहेत आणि कापूसवालीला हसताहेत.

यंत्राची चाचणी पुढच्या महिन्यात. कानात घातल्यावर ह्यांचा आवाज कसा येईल, याची जरा भीतीच वाटते.

आता तुझ्या प्रश्नाचं. पत्र दोनदा वाचलं, लेकीला वाचायला दिलं नाही, ह्यांना विचारलं नाही. येत्या रविवारी मी घरी आहे. दुपारच्या बसला मी स्वतः येईन, बसच्या दारासमोर उभी राहीन, म्हणजे उतरतानाच तुझं तोंड दिसेल. चार दिवस राहा, डोकं खा.

तू विचारलं होतंस, येऊ का.

हो.

तुझी,
टकळी